कॉम्प्युटर स्लो झाला की लगेच फॉरमॅट मारू नका, आधी या चुका टाळा

"कम्प्युटर लई धिमा चालस भो" असं कोणी म्हटलं की आपल्याकडे जळगाव-धुळ्याला उत्तर ठरलेलं आहे, फॉरमॅट मारून टाक. मग कोणीतरी ओळखीचा पोरगा येतो, विंडोज नव्याने टाकतो, आठ-पंधरा दिवस मशीन मस्त पळतं आणि परत जैसे थे. कारण दुखणं बहुतेक वेळा विंडोजमध्ये नसतंच, ते असतं आत साचलेल्या धुळीत, मे महिन्याच्या उकाड्यात, ये-जा करणाऱ्या लाईटीत, नाहीतर शेवटच्या घटका मोजणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये. आणि फॉरमॅटच्या घाईत जे जातं ते मात्र खरं जातं. लोकांना माहीतच नसतं की डेस्कटॉपवर ठेवलेली फाईल ही सी ड्राइव्हमध्येच असते आणि फॉरमॅटमध्ये तोच पुसला जातो, त्यामुळे लग्नाचे फोटो, पोराच्या ॲडमिशनचे स्कॅन, सातबाऱ्याच्या पीडीएफ सगळं साफ. म्हणून फॉरमॅट हा शेवटचा उपाय समजा, त्याच्या आधी तपासण्यासारखं बरंच आहे आणि त्यातलं बरंचसं फुकटात होतं.

सगळ्यात आधी उष्णता आणि धूळ, कारण खान्देशात हाच मोठा विषय आहे. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ पर्यंत जातो हे आपण दरवर्षी भोगतो, पण कॉम्प्युटरला पण तेच भोगावं लागतं हे लक्षात येत नाही. पंखा लावून प्रोसेसर खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही, म्हणजे खोलीच ४० ला असेल तर आतलं गणित ४० पासून सुरू होतं. बरेचसे प्रोसेसर १०० अंशाच्या आसपास पोचले की स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतात आणि तरी नाही भागलं तर मशीन सरळ बंद पडतं. ओळखायची खूण एकदम सोपी: सकाळी सात वाजता कॉम्प्युटर नीट चालतो आणि दुपारी दोनला रडतो, तर व्हायरस शोधत बसू नका, ती गर्मीच आहे.

आता यात आपण काय चुका करतो बघा. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबायचं, मागची जाळी भिंतीला चिकटवायची, आणि धूळ बसू नये म्हणून चालू मशीनवर कपडा टाकायचा. बंद असताना खुशाल झाका, पण चालू असताना कपडा म्हणजे हवेचा रस्ताच बंद. मागे आणि बाजूला वीतभर तरी जागा सोडा. लॅपटॉप गादीवर ठेवून चालवणारे तर घरोघरी आहेत, खालची जाळी गादीत बुजते आणि पंखा बिचारा जोरजोरात फिरत राहतो, एक साधा लाकडी पाट खाली ठेवला तरी फरक पडतो. आणि कूलर! उन्हाळ्यात कूलरशिवाय आपलं चालत नाही हे मान्य, पण कूलरचा झोत सरळ कॅबिनेटवर नको, ती हवा ओलसर असते, त्या ओलीवर धूळ चिकटून हीट सिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) पट्ट्यांमध्ये असा थर बसतो की नुसत्या फुंकरीनं निघत नाही. कापसाच्या सीझनमध्ये ज्यांच्या घरात कापूस भरलेला असतो, किंवा घर जिनिंगच्या जवळ आहे, तिथे तर कॅबिनेटच्या जाळीवर तंतूंची अक्षरशः चादर तयार होते. अशा घरात महिन्याला एकदा जाळी पुसायची आणि दोन-तीन महिन्यांनी कॅबिनेट उघडायचं, बाकी ठिकाणी वर्षात दोनदा, एक उन्हाळा लागायच्या आधी आणि एक दिवाळीच्या साफसफाईत, एवढं पुरतं.

साफ करतानाच्या चुका पण मोठ्या आहेत. मशीन बंद करून प्लग काढा, मग पाच-दहा सेकंद पॉवर बटण दाबून ठेवा म्हणजे आत उरलेला करंट निघून जातो. ओलं फडकं आत न्यायचं नाही. गाडीच्या गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरनं हवा मारून आणतात काही जण, त्या हवेतून पाण्याचे आणि तेलाचे बारीक थेंब येतात, ते मदरबोर्डवर नकोत. साधा हँड ब्लोअर आणि रंगाचा मऊ कोरडा ब्रश पुरेसा आहे. हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर पंखा त्याच्या कुवतीबाहेर गरगर फिरतो आणि बेअरिंग जातं. पॉवर सप्लायचा डबा मात्र घरी उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही त्याच्यातल्या कपॅसिटरमध्ये जोरदार झटका देईल एवढा करंट असू शकतो. आणि मशीन चार-पाच वर्षांचं झालं असेल, धूळ काढूनही तापत असेल, तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (त्याची उष्णता हीट सिंककडे नेणारा लेप) वाळलेली असू शकते. ती जुनी पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवीन लावायची, जास्त चोपडली म्हणून जास्त थंड होत नाही.

लाईटीचा घोळ

गावाकडे संध्याकाळी शेतातल्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज खाली येतं, लाईट जाते येते जाते येते, आणि प्रत्येक वेळी कॉम्प्युटर धाडकन बंद. हार्ड डिस्क त्या क्षणी काही लिहीत असेल तर फाईल अर्धवट राहते, विंडोजच्या फाईली अशाच खराब होतात आणि मग ती निळी स्क्रीन येते. त्यामुळे डेस्कटॉप आहे तर यूपीएस पाहिजेच, यात काटकसर नको. पण यूपीएस घेतला म्हणजे झालं असं पण नाही, आतली बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि गरम जागी अजून लवकर, ढोबळ हिशेब असा की दर १० अंश जास्त तापमानाला लेड ॲसिड बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. लोकांचा यूपीएस टेबलाखाली असतो, लाईट गेली की एक सेकंद पण टिकत नाही, आणि वर्ष वर्ष तसाच चालवतात. महिन्यातून एकदा सगळं काम सेव्ह करून यूपीएसचा प्लग जिथे लावलाय तो भिंतीवरचा स्विच बंद करून बघा, पाच मिनिटं टिकला नाही तर बॅटरी बदला, यूपीएस फेकायची गरज नाही. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका, तो गरम होताना एकदम जास्त करंट ओढतो.

घरी इन्व्हर्टर आहे तरी कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो अशी तक्रार असेल तर इन्व्हर्टरच्या मागे बघा, बऱ्याच मॉडेलला यूपीएस मोडचं बटण असतं, ते टाकलं की तो लाईट गेल्यावर पटकन बॅटरीवर येतो.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, हे ऐकलं की मला खरंच काळजी वाटते, कारण लोक हे वर्षानुवर्षं सहन करतात. पॉवर सप्लायमधून थोडा करंट कॅबिनेटच्या पत्र्यावर येत असतो, तो जमिनीत जायला अर्थिंग लागतं. आपण काय करतो, तीन पिनचा प्लग दोन पिनच्या कन्व्हर्टरमध्ये घुसवतो, किंवा बोर्डावर तिसरं छिद्र असतं पण मागे वायरच जोडलेली नसते. वायरमन बोलावून अर्थिंग करून घ्या, घरात लहान पोरं असतात. आणि मे-जूनमध्ये विजा कडाडायला लागल्या की नुसता स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढा आणि इंटरनेटची लॅन वायर पण काढा, कित्येक मदरबोर्ड त्या वायरीतूनच जळतात.

आता मशीनच्या आतल्या सवयी

शटडाऊन केलं म्हणजे कॉम्प्युटर ताजातवाना झाला असं सगळ्यांना वाटतं. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय बहुतेक मशीनवर आधीपासून चालू असते, ती शटडाऊनच्या वेळी विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवते आणि सकाळी तोच परत उचलते. म्हणजे तुम्ही रोज रात्री बंद करता तरी आतलं साचलेलं तसंच राहतं. रिस्टार्ट केलं तरच सगळं खऱ्या अर्थानं नव्यानं सुरू होतं, म्हणून आठवड्यातून एक-दोनदा रिस्टार्ट मारा, फुकटचा उपाय आहे आणि छोट्या-मोठ्या बऱ्याच तक्रारी इथेच संपतात.

तरी स्लो असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. त्यात स्टार्टअपच्या यादीत बघा, आपण कधी काय टाकलं होतं ते सगळं मशीन चालू होताना स्वतःहून उठून बसतं, जे रोज लागत नाही ते डिसेबल करा, त्यानं ते प्रोग्रॅम उडत नाहीत, फक्त आपोआप सुरू व्हायचे थांबतात. मग डिस्कचा कॉलम बघा. काही न करता तो सारखा १०० टक्के दाखवत असेल आणि मशीनमध्ये जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर माझं स्पष्ट मत आहे, बाकी कशावर पैसे घालू नका, एसएसडी (आत काही फिरत नाही अशी, चिपवर चालणारी वेगवान डिस्क) टाका. जुनं मशीन चालू व्हायला जिथे तीन-चार मिनिटं घेतं तिथे अर्ध्या मिनिटाच्या आसपास येतं, आणि जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन करता येते, त्यामुळे फॉरमॅटचा प्रश्नच येत नाही. एसएसडी टाकल्यावर मात्र बाहेरचं डिफ्रॅगचं (फाईलींचे विखुरलेले तुकडे एका जागी आणणारं) सॉफ्टवेअर त्याच्यावर चालवू नका, फायदा काही नाही, उलट लिहून लिहून ती झिजते. विंडोज स्वतः त्याची निगा ठेवतं.

सी ड्राइव्ह लाल होईपर्यंत भरू देऊ नका, १५-२० टक्के तरी मोकळा पाहिजे. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग स्टोरेज, मग टेम्पररी फाईल्स, तिथून कचरा काढा, पण त्या यादीत डाउनलोड्स हा पण एक चौकोन असतो, त्याला न बघता टिक केली तर तुमची हॉल तिकिटं आणि दाखले पण कचऱ्याबरोबर जातात.

एका मशीनवर दोन अँटीव्हायरस हा पण आपल्याकडचा आवडता प्रकार, दोघं एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि मशीन मधल्या मधी मरतं. विंडोजमध्ये डिफेंडर आलेलाच आहे, घरच्या वापराला तो चांगला आहे, अपडेट चालू ठेवा म्हणजे झालं. "एका क्लिकमध्ये पीसी फास्ट" म्हणणारे क्लीनर, रजिस्ट्री साफ करणारे, ड्रायव्हर अपडेट करणारे, यांच्यापासून लांब राहा. २०१७ मध्ये सीसीक्लीनरसारख्या लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या अधिकृत डाउनलोडमध्येच हॅकरांनी व्हायरस घुसवला होता, मग अनोळखी साईटवरच्या क्लीनरची काय खात्री. क्रॅक विंडोज आणि त्याचे ॲक्टिव्हेटर याहून वाईट, ते चालवायला आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, म्हणजे दार आपणच उघडून द्यायचं. आणि याच कॉम्प्युटरवर आपण बँकेचं काम करतो.

विंडोज १० वाल्यांनी एक गोष्ट लक्षात घ्या, १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला. मशीन चालतं, पण सुरक्षेचे अपडेट आपोआप येणं थांबलं. घरच्या वापरासाठी मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सोय ठेवली, तिची नोंदणी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर करावी लागते. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, तेवढं नसेल तर कोणी जबरदस्तीनं टाकून देतो म्हटलं तरी नीट विचार करा.

पेनड्राइव्हचं पण बोलायलाच पाहिजे. फॉर्म भरायच्या दिवसांत पोरं पेनड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात, ऑनलाइन सेंटरवर जातात, दिवसभर तिथे शंभर पेनड्राइव्ह लागतात, आणि घरी आल्यावर बघतात तर सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले. इथे घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नका, फाईली बहुतेक वेळा आतच असतात, फक्त लपवलेल्या. त्या शॉर्टकटवर डबल क्लिक करायचं नाही, आधी डिफेंडरनं पेनड्राइव्ह स्कॅन करा, मग फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या फाईली दाखवा हे चालू करा आणि त्याच्या खालची संरक्षित सिस्टीम फाईली लपवा ही टिक काढा, आपल्या फाईली दिसतील, त्या कॉपी करून घ्या. ते झाल्यावर ती टिक परत लावा.

अजून काही तक्रारी पटापट. तारीख-वेळ सारखी मागे जाते आणि प्रत्येक साईट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणते, तर इंटरनेटवाल्याला फोन करू नका, मदरबोर्डवरची नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी संपलीय, किरकोळ पैशात मिळते. मशीन चालू होतं पण डिस्प्ले नाही आणि बीप बीप वाजतं, तर प्लग काढून रॅम (मदरबोर्डवरची मेमरीची पट्टी) बाहेर काढा, सोनेरी पट्टी कोरड्या खोडरबरनं हलकी पुसा, कण झटका आणि दोन्ही बाजूंनी टक आवाज येईपर्यंत परत बसवा. स्क्रीनवर सायरन वाजवत "तुमचा पीसी हॅक झाला, या नंबरवर फोन करा" आलं, तर फोन अजिबात करायचा नाही, मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो, ब्राउजर टास्क मॅनेजरमधून बंद करा. लॅपटॉपचा टचपॅड वर उचलल्यासारखा वाटतोय तर बॅटरी फुगलीय, त्याच दिवशी वापर आणि चार्जिंग दोन्ही बंद.

आणि हार्ड डिस्कमधून टक टक किंवा खर्र असा आवाज येत असेल तर तिथे स्पीड वाढवायचा विचार सोडा. स्कॅन नको, चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) नको, फॉरमॅट तर नकोच, या प्रत्येक गोष्टीनं डिस्कला अजून पळवलं जातं आणि ती अजून लवकर जाते. सगळ्यात महत्त्वाचं जे आहे, फोटो असतील, हिशेबाच्या फाईली असतील, ते पहिले बाहेरच्या डिस्कवर घ्या, सिनेमे-गाणी नंतर. कॉपी मध्येच अडकायला लागली तर मशीन बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या, सारखं सारखं चालू करून बघू नका. ही पाळी येऊच नये असं वाटत असेल तर आजच एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, महिन्यातून एकदा जोडून कॉपी करा आणि काढून कपाटात ठेवा, कायम जोडून ठेवू नका, कारण रॅन्समवेअर (फाईली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) आला तर तो जोडलेल्या डिस्कवरच्या फाईली पण लॉक करतो. जास्त मोलाच्या दहा-वीस फाईली गुगल ड्राइव्हवर पण टाका. फॉरमॅट करणारा पोरगा दारात आला तरी, आधी त्याच्यासमोर बॅकअप उघडून दोन-चार फोटो दिसतात का ते बघायचं, मगच त्याला कीबोर्ड द्यायचा.