न्यायाची भविष्यवाणी वाचताना या चुका टाळा

चाळीस दिवसांत निनवे शहर उलथणार, असं सांगत बायबलमधला संदेष्टा योना शहरभर फिरला. चाळीस दिवस सरले आणि शहर जागच्या जागी! मग योना खोटा संदेष्टा ठरला का? अभ्यासवर्गात हा प्रश्न निघाला की लोक एकमेकांकडे बघायला लागतात. बहुतेक गोंधळाचं मूळ इथेच आहे.

इशाऱ्याला वेळापत्रक समजणं. ही सगळ्यात मोठी चूक. यिर्मया 18 मध्ये (यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात) कुंभाराच्या चाकाशेजारी नियमच सांगितलाय: एखाद्या राष्ट्राचा नाश करीन असं देव बोलला आणि ते राष्ट्र वळलं, तर देवही ते अरिष्ट आणत नाही. उलटही खरं, म्हणजे आशीर्वादाचं वचन मिळालेलं राष्ट्र बिघडलं तर तेही वचन गृहीत धरता येत नाही. योनाच्या घोषणेत ‘जर’ हा शब्द कुठेच नव्हता, तरी निनवेच्या राजाने तो ऐकला आणि गोणपाट नेसून राखेत बसला.

याहून बोलका प्रसंग यिर्मया 26 मध्ये आहे आणि तो फार कमी जण वाचतात. मंदिराचा नाश होईल असं बोलल्याबद्दल यिर्मयाला ठार मारायला लोक उठलेत. तेवढ्यात काही वडीलधारे पुढे येतात. म्हणतात, पूर्वी मीखा संदेष्टाही असंच बोलला होता, सियोन (म्हणजे यरुशलेम) शेतासारखा नांगरला जाईल म्हणून. हिज्कीया राजाने त्याला मारलं का? नाही, तो देवाला भ्याला आणि अरिष्ट टळलं. साधारण शंभर वर्षांपूर्वीचं, न घडलेलं भाकीत, पण त्यांना ते ‘चुकलेलं’ वाटत नाही. त्यांच्या लेखी ते कामी आलेलं असतं. (पुढे लोक वळले नाहीत आणि इ.स.पू. 586 च्या सुमारास यरुशलेम पडलंच.)

काव्याला हवामानाचा अंदाज करणं. सूर्य उगवताना काळोखेल, तारे प्रकाश देणार नाहीत, असं यशया 13 मध्ये वाचलं की ‘जगाचा अंत’ म्हणून लगेच शिक्का बसतो. पण अध्यायाचं पहिलंच वचन सांगतं की हा बाबेलविषयीचा (बॅबिलोनविषयीचा) संदेश आहे, आणि सतराव्या वचनात मेदी लोकांचं नाव आहे. बाबेल इ.स.पू. 539 मध्ये पर्शियाचा राजा कोरेश याच्या हाती गेलं, त्या दिवशी आकाशातले तारे विझले नव्हते. साम्राज्य कोसळताना बोलायची संदेष्ट्यांची भाषाच ही. पुढे मत्तय 24 मध्ये येशू हीच चित्रं वापरतो, म्हणून आधी यशया वाचावा आणि मग मत्तय. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या टोळांना हेलिकॉप्टर ठरवणाऱ्यांनी तर निदान योएलाचा टोळधाडीचा पहिला अध्याय चाळावा.

तारीख काढणं. यावर शब्द खर्चायची इच्छा नाही. अमेरिकन प्रचारक विल्यम मिलरच्या अनुयायांनी येशू परत येईल म्हणून 22 ऑक्टोबर 1844 ची वाट पाहिली, अमेरिकन रेडिओ प्रचारक हॅरॉल्ड कॅम्पिंगने न्यायाचा दिवस म्हणून 21 मे 2011 जाहीर केली. दोन्ही दिवस आले आणि गेले.

बोट दुसऱ्याकडे दाखवणं. आमोसाचे पहिले दोन अध्याय नकाशा शेजारी ठेवून वाचा. दिमिष्क, गाझा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब... शेजाऱ्यांची एकेक पापं निघतात आणि इस्राएली श्रोता खूश होतो. मग यहूदा येतो, म्हणजे अगदी भाऊबंदच. आणि मग फास त्या श्रोत्याच्याच गळ्यात पडतो: इस्राएल, चपलांच्या एका जोडीच्या किमतीला गरिबाला विकणारा. न्यायाचं भाकीत वाचून आपल्याला न आवडणाऱ्या देशाचंच नाव आठवत असेल, तर आपण अजून पहिल्याच अध्यायात आहोत. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले तेव्हाही येशूने त्यांच्या पापांचा हिशोब मांडला नाही. तुमचं काय, एवढंच विचारलं.

न जुळणारं ओढूनताणून जुळवणं. यहेज्केल 26 म्हणतो, बाबेलचा राजा सोर शहर उद्ध्वस्त करील, लूट घेईल. अध्याय 29 मध्ये तोच संदेष्टा सांगतो की त्या राजाचे सैनिक डोक्याला टक्कल पडेपर्यंत आणि खांदे सोलवटेपर्यंत राबले, तरी सोरेतून मजुरी मिळाली नाही. आता त्याऐवजी राजाला मिसर (इजिप्त) मिळेल. पुष्कळ जण इथे घाईघाईने सोर जिंकणाऱ्या अलेक्झांडरला, म्हणजे इ.स.पू. 332 ला, आणून बसवतात. त्याआधी दोन्ही संदेशांवरच्या तारखा बघा: पहिला बंदिवासाच्या अकराव्या वर्षीचा, दुसरा सत्ताविसाव्या. सोळा वर्षांनंतरही पुस्तकातून पहिला कोणी खोडलेला नाही.