म्हैसमाळला तयारी करा आणि बर्गंडीच्या द्राक्षमळ्यात सायकल चालवा

फ्रान्समधे माउंटन बाइक म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यासमोर आधी आल्प्स येतो आणि मग वाटतं जाऊ द्या, हे आपलं काम नाही. मला सांगायचंय ते बर्गंडीबद्दल, म्हणजे बोन नावाचं जे छोटं गाव आहे त्याच्या आसपासचा भाग, खाली सपाट रान, मधल्या उतारावर द्राक्षं आणि डोंगराच्या माथ्यावर जंगल. हे डोंगर उंच नाहीत. बोन साधारण 220 मीटरवर आणि सांतने गावाच्या वरचा मों द सेन हा डोंगर 521 मीटर. आपलं म्हैसमाळ 1067 मीटरच्या आसपास आहे आणि छत्रपती संभाजीनगरातून निघालं की जवळपास पाचशे मीटर चढावंच लागतं. म्हणजे ज्यानं दौलताबाद, खुलताबाद करत चार-सहा वेळा म्हैसमाळ गाठलंय त्याच्या पायात तिथल्यापुरता दम आहेच. कमी पडतो तो उतार, ओला दगड आणि तिथले नियम, म्हणून तेवढ्याचीच तयारी इथून करून जा.

आपल्याकडं सगळे जण चढ मोजतात, किती वेळात वर गेलो ते स्टेटसला टाकतात, आणि उतरताना मात्र डांबरी रस्त्यानं भुर्रकन खाली येतात. इथंच चुकतं. खुलताबादजवळच्या सुलीभंजनच्या बाजूला मुरमाच्या वाटा आहेत, आठवड्यातून एकदा तिकडं जा आणि फक्त उतरायचं शिका. दोन्ही पेडल एकाच उंचीवर आडवे, सीट खाली केलेली, ढुंगण सीटच्या मागं, कोपर वाकवलेले, ब्रेकवर एकच बोट आणि नजर चाकाजवळ नाही तर वीस-पंचवीस फूट पुढं. सुटा मुरूम म्हणजे फरशीवर सांडलेल्या ज्वारीवर पाय पडल्यासारखं असतं, वळणात ब्रेक दाबला की चाक गेलंच, म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा आणि वळणात ब्रेक सोडून द्यायचा. हे डोक्यानं कळायला दोन मिनिटं लागतात पण अंगात बसायला महिना-दीड महिना जातो, त्यामुळं तिकीट काढल्यावर नाही, आधीच सुरू करा.

दुसरी शाळा म्हणजे पाणंद. गावाच्या शिवेवरचे पाणंद रस्ते आपण माउंटन बाइकच्या नजरेनं बघतच नाही, पण बैलगाडी आणि ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या तिथं फुकटात मिळतात आणि बर्गंडीत द्राक्षांच्या मधून जाणाऱ्या मातीच्या वाटांवर अगदी अशाच ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या असतात. चाकोरीत चाक गेलं की हँडल ओढून बाहेर काढायला जाऊ नका, पडताल. सरळ चालू द्या, वेग थोडा ठेवा, आणि चाकोरी उथळ झाली की वजन हलकं करून पुढचं चाक उचलून बाहेर घ्या. फक्त पावसाळ्यात काळ्या रानातल्या पाणंदीला जाऊ नका, माती चाकाला आणि पुढच्या चाकाच्या दांड्यांना (फोर्कला) अशी गच्च बसते की सायकल खांद्यावर घेऊन यावं लागतं, पावसात मुरमाड डोंगरच बरे.

पंक्चरचं एवढंच सांगतो की सराट्यांनी आपल्याला जे शिकवलंय ते तिथं उपयोगी पडतं. मागच्या डिसेंबरात खुलताबादच्या अलीकडं शेतातून शॉर्टकट मारला आणि एका मित्राच्या मागच्या टायरमधून आम्ही अकरा सराटे काढले, चिमट्यानं, उन्हात बसून. त्याच टायरवर तो घरी आला, कारण टायर ट्यूबलेस होता आणि आत सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारं द्रव, होतं. बर्गंडीत सराट्यांची भीती फारशी नाही पण चुनखडीच्या दगडाला धार असते, हवा फार कमी ठेवली की रिम दगडावर आपटतं. 70-75 किलोच्या माणसानं 2.3 इंची ट्यूबलेस टायरमधे साधारण 24 ते 26 पीएसआय ठेवायची आणि मागच्या चाकात दोन जास्त.

आता सायकल इथून न्यायची का? माझं मत नाही. विमानात बॉक्स, पॅरिसमधे स्टेशन बदलणं, परत जोडणं, यात दोन दिवस जातात. पॅरिसच्या गार द लियों स्टेशनवरून टीजीव्हीनं, म्हणजे तिकडच्या वेगवान रेल्वेनं, दिजों शहराला दीड-पावणेदोन तासात पोचता आणि तिथून लोकल गाडीनं बोन साधारण वीस-पंचवीस मिनिटं. सायकल तिथंच भाड्यानं घ्या, पुढं सस्पेन्शन असलेली हार्डटेल पुरते, फुल सस्पेन्शनची गरज नाही. तिकडं माउंटन बाइकला व्हीटीटी म्हणतात, फ्रेंच लोक त्याचा उच्चार वे-ते-ते करतात, दुकानात तोच शब्द वापरा. आपलं हेल्मेट, आपले पेडल आणि सवयीची सीट एवढं मात्र बॅगेत टाका.

आणि सायकल हातात आल्यावर रस्त्यावर जायच्या आधी ब्रेक तपासा, हे मी पाया पडून सांगतो. आपल्याकडं बहुतेक सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, तिकडं बहुतेक डाव्या हाताचा. मला हे माहीत होतं, वाचलं होतं, तरी मों द सेनवरून उतरताना रात्रीच्या पावसानं ओल्या झालेल्या पांढऱ्या दगडावर मागचं चाक सरकलं आणि डावा हात सवयीनं दाबला गेला. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं आणि मी हँडलवरून पलीकडं. डावं मनगट पंधरा दिवस सुजलेलं होतं आणि सहलीचे उरलेले तीन दिवस मी पायी फिरलो. दुकानदाराला सांगितलं तर केबलचे ब्रेक असतील तर तो अदलाबदल करून देतो, हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे असतील तर वेळ लागतो, मग पहिला अर्धा दिवस सपाट जागेत फक्त ब्रेक दाबत फिरा, हाताला कळेपर्यंत डोंगराचं नाव काढू नका.

त्यासाठी जागा पण मस्त आहे. बोनपासून सांतनेपर्यंत द्राक्षांमधून जाणारा सायकलचा रस्ता आहे, व्हा दे व्हीन्य नावाचा, साधारण 22 किलोमीटर, पोमार, व्होल्ने, म्यूर्सो अशी गावं लागतात. चढ-उतार हलके, गाड्या कमी. पहिल्या दिवशी हाच करा. उजव्या बाजूनं चालवायचं हे तर माहीतच असतं, पण गावातल्या छोट्या चौकात जिथं पाटी नाही तिथं उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा तिथला कायदा आहे, तो बिचारा थांबणार नाही कारण हक्क त्याचा आहे.

दुसऱ्या दिवसापासून डोंगर. माउंटन बाइकच्या वाटांवर झाडाला किंवा खांबाला खूण असते, एक त्रिकोण आणि त्याला लागून दोन गोल, आणि रंगावरून अवघडपणा कळतो, हिरवा सोपा, मग निळा, मग लाल, मग काळा. म्हैसमाळ-सुलीभंजन करणाऱ्यानं निळ्यापासून सुरू करावं आणि लालवर जावं. लाल-पांढऱ्या पट्ट्या दिसल्या तर ती पायी चालणाऱ्यांची लांब पल्ल्याची वाट, तिथं माणसं दिसली की आपण थांबायचं. नकाशा आयजीएन या फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेचा घ्या, 1:25,000 चा, फोनमधे डाउनलोड करून ठेवा, जंगलात नेट जातं.

द्राक्षांच्या बाबतीत आपल्या माणसाला जास्त शिकवावं लागत नाही. जालन्याजवळ कडवंचीला आम्ही सायकलवर गेलो होतो तेव्हा बागेच्या कडेला सायकल टेकवली तर मालक आधी म्हणाला, दादा तारेला टेकवू नका, सगळा भार तारेवर आहे. तेच तिथं. फरक इतका की आपल्याकडं वेल डोक्याएवढ्या उंचीवर चढवलेली आणि खालून माणूस जातो, बर्गंडीत वेल कमरेएवढी आणि एका हेक्टरात दहा हजाराच्या आसपास वेली, ओळीत जेमतेम मीटरभर जागा. त्यांचे ट्रॅक्टर पण वेगळे, उंच पायाचे, वेलीच्या ओळीला दोन्ही बाजूंनी टांग टाकून वरून जातात, पहिल्यांदा बघितला की माणूस थांबून बघत राहतो. ओळीत सायकल घालायची नाही, घड तोडायचा नाही, आणि फवारणी चालू असली की वाऱ्याच्या वरच्या बाजूनं लांबून जायचं, मे ते जुलै फवारणी जास्त असते. तोडणी बहुतेक सप्टेंबरमधे, तेव्हा ट्रॅक्टर आणि मजूर सगळ्या वाटांवर असतात. म्हणून माझ्या मते मे-जून बेस्ट, जूनमधे रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड असतो. सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत जंगलात शिकार चालू असते, वाटेवर तशी पाटी दिसली की मागं फिरायचं, आणि त्या दिवसात जायचंच असेल तर भडक केशरी जॅकेट घाला.

खाण्या-पिण्याचं नियोजन आदल्या दिवशी करा, कारण गावातली दुकानं दुपारी बारा ते दोन बंद असतात आणि रविवारी दुपारनंतर तर काहीच मिळत नाही. सकाळी बेकरीतून पाव घ्या. घरून शेंगदाण्याची चिक्की आणि शेंगदाण्याचीच कोरडी चटणी न्या, पावाला चटणी लावून डोंगरावर खाल्ली की ताकद येते, पण मांस आणि दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत म्हणून पेढे-खवा राहू द्या. पाणी संपलं तर गावाचं कब्रस्तान शोधा. विचित्र वाटेल, पण फुलांना पाणी घालायला तिथं नळ असतोच, फ्रान्समधले सायकलवाले तिथंच बाटल्या भरतात. नळावर 'नों पोताब्ल' असं लिहिलेलं असलं तर ते पाणी प्यायचं नाही. फाटक आल्यागेल्यावर लावून घ्या आणि आवाज हळू, कोणी तरी कोणाला तरी भेटायला आलेलं असतं.

कागदपत्रात शेंगेन व्हिसा आणि किमान 30,000 युरोचा विमा लागतोच, फक्त विम्यात माउंटन बाइक धरलीये का ते विचारून घ्या, बऱ्याच पॉलिसीत ती साहसी खेळात टाकून वगळलेली असते. अपघात झाला तर नंबर 112.

संध्याकाळी रूमवर आल्यावर अंघोळीच्या आधी गुडघ्याच्या मागं, काखेत, जांघेत नीट बघा. तिथल्या जंगलातल्या गवतात गोचीड असते, आपल्या बैलाच्या कानात असते तशी पण फार बारीक, तिळाएवढी, आणि तिच्यातून लाइम नावाचा आजार होतो. दिसली तर तेल-बिल लावू नका, दाबू नका, बारीक चिमट्यानं कातडीला लागून धरा आणि सरळ वर ओढून काढा. पुढच्या महिनाभरात त्या जागी लाल गोल चट्टा पसरताना दिसला तर घरी आल्यावर डॉक्टरला स्पष्ट सांगा की फ्रान्सच्या जंगलात गोचीड चावली होती, कारण आपल्याकडं हा आजार सहसा दिसत नाही आणि तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांच्या डोक्यात तो येणार नाही.