कोय वाळवू नका, आणि आणखी काही: फळांच्या बियांपासून घरात रोपं करताना या चुका टाळा

मे सरत आला की ठाण्यातल्या इमारतींच्या ग्रिलवर हापूसच्या कोयी ओळीने वाळत पडलेल्या दिसतात. कडधान्य वाळवून डब्यात भरतो तशी कोयही वाळवली की टिकेल, पाऊस लागला की लावू, असा त्यामागचा हिशेब. हा हिशेबच चुकीचा आहे, आणि दरवर्षी सगळ्यात जास्त कोयी याच एका चुकीने मरतात.

मुगाचं किंवा वालाचं बी वाळलं की निजतं आणि पाणी मिळालं की जागं होतं. आंबा, फणस, जांभूळ, लिची यांचं बी निजत नाही. ही फळं पिकून पडतात तेव्हा पाऊस तोंडावर आलेला असतो. बी ओलं पडतं आणि लगेच रुजायला लागतं. आतला ओलावा ठरावीक मर्यादेखाली गेला की ते मेलं, मग कितीही भिजवा. लिचीची बी फळातून काढल्यावर चार-पाच दिवसांत निकामी होते. जांभळाची फार तर दोन आठवडे दम धरते. फणसाच्या आठळ्या वाळवून ठेवल्या असतील तर त्या भाजीतच घाला, कुंडीत नको. फ्रिजमध्ये ठेवणं हाही उपाय नाही. आंब्याचं आणि फणसाचं बी थंडीनेही मरतं.

कासारवडवलीतल्या बाराव्या मजल्यावरच्या एका घरातलं उदाहरण घ्या. आठ कोयी पंधरा दिवस पश्चिमेच्या ग्रिलवर वाळवल्या, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या आणि २० जूनला कुंड्यांत पुरल्या. सकाळ-संध्याकाळ पाणी. जुलै संपला तरी काही हालचाल नाही. मग माती खराब म्हणून माती बदलली, वर कुठलीशी पावडर टाकली. शेवटी ऑगस्टमध्ये कोयी फोडल्या. पाच कोयींत आतलं बी चामड्यासारखं सुरकुतून तपकिरी झालेलं, दोन सडलेल्या, आणि एकीत भुंग्याने केलेला काळा भुसा. मातीचा काडीचाही दोष नव्हता. कोयी कुंडीत गेल्या तेव्हाच त्यांच्यात जीव नव्हता.

म्हणून आंबा खाल्ला त्याच दिवशी कोय हातात घ्या. काथ्याने घासून गर आणि रेषा काढा, मग एक रात्र सावलीत ठेवा. एवढं वरवर सुकणं पुरे. ते फक्त कोय हातातून निसटू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी रोपं छाटायच्या कात्रीने पातळ कडेवरून थोडं थोडं कापत जा आणि टरफल पुस्तकासारखं उघडा. सुरी पोटात खुपसू नका, ती आतलं बी चिरते आणि बोटही. आत मोठ्या वालासारखं वाकडं बी मिळेल. ते घट्ट आणि हिरवट-पांढरं असेल तर चांगलं. भोक किंवा भुसा दिसला तर कोयीतला भुंगा आहे, ते बी टाकून द्या.

चांगलं बी ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या सोडणाचा भुसा), झाकणाच्या डब्यात, खोलीतल्या साध्या तापमानाला ठेवा. कोकोपीट किती ओलं? मुठीत आवळल्यावर बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर बी कुजणारच. दर दोन-तीन दिवसांनी झाकण उघडून हवा द्या. दहा-पंधरा दिवसांत मूळ दिसतं. मग फुगीर कड वर ठेवून कुंडीत दोन-तीन सेंटिमीटर खोल लावा. रोज उकरून ‘फुटलं का’ बघणाऱ्यांना एकच सांगणं: कोवळं मूळ एकदा मोडलं की ते बी बहुधा हातचं जातं. तेवढी कळ काढता येत नसेल तर सरळ मनीप्लांट लावा.

फळाची आशाही धरू नका. हापूसच्या कोयीतून हापूस येत नाही. तिच्यात एकच गर्भ असतो आणि तो परागीकरणातून तयार झालेला असतो. म्हणूनच कोकणातल्या रोपवाटिका रायवळच्या कोयीवर हापूसची काडी बांधून कोयकलम करतात. घरातलं रोप पानांसाठी वाढवायचं.

त्या पानांवरूनच दुसरी मोठी चूक होते. आंब्याची नवी पालवी तांबूस, मऊ आणि खाली लोंबणारी असते. नवशिक्याला वाटतं रोप सुकलं. तो तांब्याभर पाणी ओततो, पान उठत नाही, संध्याकाळी पुन्हा ओततो. आठवड्याभरात मूळ कुजतं आणि मग मात्र रोप खरोखर सुकतं. ती पालवी दोन-तीन आठवड्यांत आपोआप ताठ आणि हिरवी होते. पाणी देण्याआधी बोट दोन पेरं मातीत घाला. खाली ओल लागली तर हात मागे घ्या. आपल्याकडच्या पावसाळी हवेत घरातली कुंडी चार-पाच दिवसही ओली राहते.

वाशीच्या मार्केटमधून आणलेल्या अवोकाडोची बी टूथपिक टोचून पेल्यावर टांगायची पद्धत फोटोसाठी छान आहे. पण पाण्यातली मुळं ठिसूळ होतात, मातीत नेली की रोप मान टाकतं. शिवाय आठवडाभर न बदललेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. कुंडीखालच्या ताटलीचंही तेच, ती रोज रिकामी करा. पेलाच वापरायचा असेल तर दर तीन दिवसांनी पाणी बदला आणि मूळ बोटभर झालं की लगेच मातीत लावा. त्यापेक्षा ओलं कोकोपीट बरं. सपाट बूड खाली, निमुळतं टोक वर. उलटी लावली तर बी कुजायची शक्यताच जास्त. दोन ते आठ आठवडे लागतात. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, नाहीतर नुसती काठी उंच जाते.

पपईच्या बीवरची बुळबुळीत पिशवी गाळणीत घासून काढा, ती उगवण रोखते. खारकेची बी लावू नका. खारीक बहुधा उकळून वाळवलेली असते. अननस बीपासून करायच्या फंदात पडू नका, शेंडा लावा, पण खालची पानं सोलून दोन-तीन दिवस सुकवल्यावरच. ड्रॅगन फ्रूटची बी मातीवर नुसती भुरभुरा, पुरू नका.

नुसती लाल माती भरू नका. ती पाण्याने चोपून बसते आणि सुकल्यावर विटेसारखी होते. दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग जाडी रेती. फणस आणि आंबा आधी सोटमूळ खाली सोडतात, तेव्हा चहाच्या कपाएवढी कुंडी चालत नाही. तळाला भोकं पाडलेली लिटरभर दुधाची पिशवी त्यापेक्षा चांगली. आठळी धुऊन आडवी लावा.

बदलापूरच्या जांभळाच्या एका बीतून कधी दोन-तीन रोपं निघतात. जोमदार असेल ते ठेवा आणि बाकीची कात्रीने बुडाशी कापा. उपटायला गेलात तर गुंतलेल्या मुळांबरोबर चांगलं रोपही वर येतं.