जुनी डिझेल गाडी काळा धूर सोडतेय? आधी हवा तपासा, नोझल नंतर

काळा धूर म्हणजे न जळलेली काजळी. ती मुख्यतः दोन कारणांनी होते: आत गेलेल्या डिझेलला हवा पुरली नाही, किंवा डिझेलचे थेंब इतके जाड पडले की हवा असूनही ते पुरते जळले नाहीत. निळसर धूर इंजिन ऑइलचा आणि पांढरा न पेटलेल्या डिझेलचा किंवा कूलंटच्या वाफेचा. त्यांचा तपास वेगळा.

एक किलो डिझेल पूर्ण जळायला सुमारे १४.५ किलो हवा लागते. पण सिलिंडरमध्ये दोन्ही मिसळायला वेळ इतका थोडा मिळतो की हवा १८-२० किलोच्या खाली आली की धूर दिसू लागतो. त्यामुळे हवेची थोडीशी गळतीही सायलेन्सरचं तोंड काळं करते. तरीही बहुतेक गाड्यांची नोझलच (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोंडं) आधी उतरवली जातात. हा क्रम उलटा आहे. हवेच्या बाजूची तपासणी जवळजवळ फुकट होते, नोझल आणि पंपाचं काम मात्र खिसा रिकामा करतं.

धूर नेमका केव्हा येतो?

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर गाडी चालवा आणि मागच्या गाडीत कुणाला तरी बसवून लक्ष ठेवायला सांगा. आरशात बघून अंदाज बांधू नका, रात्री तर नाहीच.

स्लोवर (रेस न देता) उभ्या गाडीतून सतत धूर येत असेल तर गळकं नोझल, उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेला वायू परत इंजिनात सोडणारी झडप) किंवा कमी कंप्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा जोर) यांच्यावर संशय घ्या. फक्त चढावर किंवा कमी आरपीएमवर जोर देताना येत असेल आणि पिकअपही गेला असेल, तर टर्बो (इंजिनात जोराने हवा भरणारा पंखा) आणि त्याचे होज, म्हणजे रबरी नळ्या. वरच्या आरपीएमला येत असेल तर चोंदलेला एअर फिल्टर, चोंदलेला सायलेन्सर किंवा बिघडलेलं टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ). एकदम रेस दिल्यावर एकच भपका येऊन लगेच साफ होत असेल, तर यांत्रिक पंपाच्या जुन्या टर्बो गाडीत त्याला फारसा दोष देऊ नये. टर्बो वेग घेईपर्यंत पंप डिझेल आधीच वाढवून बसलेला असतो.

आणखी एक फुकटची गोष्ट. फेरी मारून आल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन बघा. एखादं चाक जास्त तापलं असेल तर ब्रेक धरून राहिलाय आणि इंजिन विनाकारण ओझं ओढतंय.

रेस देऊन तपासताना एक धोका लक्षात ठेवा. टायमिंग बेल्ट कधी बदलला हे माहीत नसेल तर उभ्या गाडीत पूर्ण रेस देऊच नका. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात.

हवेची वाट

एअर फिल्टर काढून बल्बसमोर धरा. उजेड आरपार दिसत नसेल तर बदला, झटकून परत बसवू नका. फिल्टरच्या डब्यापर्यंत येणारी नळीही बघा, त्यात पालापाचोळा किंवा उंदराचं घरटं सापडू शकतं. टर्बो गाडी फिल्टरशिवाय चालवून बघायचा मोह टाळा. एक बारीक खडासुद्धा कंप्रेसरची पाती खराब करतो.

टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंतचे (सिलिंडरांना हवा वाटणारा पाईप) रबरी होज हाताने दाबून, वळवून बघा. भेग बहुतेकदा खालच्या बाजूला किंवा क्लिपच्या कडेला असते, वरून होज नवाकोरा दिसतो. बाहेर तेलाचा ओलसर डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ ही चांगली खूण आहे. चालवताना फुसफुस ऐकू येत असेल तर संशय पक्का धरा. खात्री करायची असेल तर टर्बोच्या तोंडाला बूच लावून अर्धा ते एक बार (दाबाचं एकक) हवा भरा आणि जोडांवर साबणाचं पाणी फिरवा. त्यापेक्षा जास्त दाब देऊ नका.

हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत ही गळती जास्त फसवते. सेन्सरने हवा आत आलेली मोजलेली असते, कंप्युटर त्या हिशोबाने डिझेल सोडतो आणि ती हवा वाटेतच निसटलेली असते. स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरला जोडून आकडे वाचायचं यंत्र) असेल तर मॅनिफोल्डचा दाब बघा. चावी ऑन आणि इंजिन बंद असताना समुद्रसपाटीला तो १ बारच्या आसपास दिसायला हवा. पूर्ण लोडवर तो मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत चढत नसेल तर गळती किंवा टर्बो.

टर्बोचा पाईप काढून शाफ्ट बोटांनी हलवा. आडवा थोडा खेळ चालतो, पुढे-मागे जवळजवळ नसावा. पाती घराला घासत असतील तर टर्बो गेला. पात्यांची दिशा बदलणाऱ्या टर्बोत काजळीने पाती अडकतात. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या ॲक्च्युएटरला (पाती हलवणारा भाग) हातपंप लावून बघा, दांडा न अडखळता पूर्ण सरकायला हवा. न हलल्यास आधी बारीक व्हॅक्यूम नळ्या तपासा. दोन बोटं लांबीची कुजलेली नळी अख्ख्या टर्बोच्या बिलाला कारण ठरू शकते.

ईजीआर व्हॉल्व्ह

तो उघडा अडकला की जळालेला वायू ताज्या हवेची जागा घेतो. व्हॅक्यूमवाल्या व्हॉल्व्हची नळी काढून तिच्या तोंडात बोल्ट खुपसा. तोंड उघडं ठेवू नका, ब्रेकच्या बूस्टरला तोच व्हॅक्यूम लागतो. फेरी मारा. धूर गेला तर व्हॉल्व्हला चुकीच्या वेळी उघडण्याचा हुकूम मिळतोय. धूर तसाच राहिला तरी व्हॉल्व्ह निर्दोष सुटला असं समजू नका. काजळीने तो उघडाच जाम झाला असेल तर नळी काढून काहीच फरक पडत नाही. मग तो उतरवून साफ करणं आलं, आणि नवं गॅस्केट हवं.

आता नोझल

इथपर्यंत काही सापडलं नाही तरच इंजेक्टरकडे (नोझल ज्याच्या टोकाला असतं तो भाग) वळा. यांत्रिक पंपाच्या इंजिनात एक सोपी चाचणी आहे. इंजिन स्लोवर ठेवा, हातमोजे आणि चष्मा घाला, एका इंजेक्टरच्या पाईपचं नट कापड गुंडाळून जरासं ढिलं करा. इंजिन अडखळेल. धूर कमी झाला तर तेच नोझल गुन्हेगार. घट्ट करून पुढच्याकडे जा. कॉमन रेल इंजिनात (जिथे एकाच उच्च दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल मिळतं) हे कधीही करू नका. तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो आणि ती पिचकारी कातडी फोडून आत शिरते. दिसायला टोचल्यासारखी जखम असली तरी लगेच रुग्णालयात जायचं. कॉमन रेलमध्ये स्कॅनरवर प्रत्येक इंजेक्टरची दुरुस्ती मात्रा (कंप्युटर त्याचं डिझेल किती कमी-जास्त करतोय तो आकडा) बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा वेगळाच पडला तर तो तपासायला द्या.

उतरवलेलं नोझल टेस्ट बेंचवर बघायचं: फवारा धुक्यासारखा हवा, दाब धरून ठेवला तर टोकाला थेंब जमू नये. प्रीचेंबरच्या (डिझेल आधी छोट्या कप्प्यात फवारणाऱ्या) जुन्या इंजिनात उघडण्याचा दाब साधारण १२० ते १५० बार, नेमका आकडा मॅन्युअलचाच धरा. परत बसवताना खालचं तांब्याचं वॉशर नवंच वापरा. जुनं दाबलेलं असतं, त्यातून कंप्रेशन निसटतं.

पंप, टायमिंग, कंप्रेशन

बेल्ट नुकताच बदलला आणि त्यानंतर धूर सुरू झाला असेल तर टायमिंग एक दात उशिरा बसलं असण्याची शक्यता आधी तपासा. पंपावरच्या डिझेल वाढवणाऱ्या स्क्रूचं सील तुटलेलं दिसलं तर पिकअपसाठी कुणीतरी तो फिरवलाय. एका फेऱ्याचा आठवा भाग एवढाच मागे घ्या, चालवून बघा, मग पुढचा आठवा. कंप्रेशनला डिझेलचा गेज लागतो, पेट्रोलचा तो दाब सोसत नाही. साधारण २० ते ३० बार असायला हवं, आणि सिलिंडरांमध्ये मोठी तफावत नसावी. कमी निघालं तर पिस्टनच्या रिंगवर संशय घेण्याआधी व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हजवळ सोडलेली बारीक फट) बघा.

डिझेल फिल्टरबद्दल एक गैरसमज: तो चोंदला तर डिझेल कमी मिळतं. गाडी ओढत नाही, पण त्याने काळा धूर येत नाही. वेळ झाली असेल तर बदला, धुराचा इलाज म्हणून नको.

दोष काढल्यावरही पहिले २०-३० किलोमीटर काजळी उडत राहते, ती सायलेन्सरमध्ये साठलेली असते. मोकळ्या रस्त्यावर गरम इंजिन २५००-३००० आरपीएमला चालवा, मग निकाल ठरवा. नोझल गळत होतं असं निघालं असेल तर डिपस्टिक ओढून बघा. पातळी वाढलेली असेल किंवा डिझेलचा वास येत असेल, तर त्याच दिवशी इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला.