गुलमर्गला स्की शिकायला जाताना: कापसाच्या मुलखातल्या माणसांसाठी

गुलमर्गला जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत सहसा भरपूर बर्फ असतो. आपल्याकडे तूर निघालेली आणि हरभरा सोंगायचा बाकी, अशा मधल्या दिवसांत जाऊन येता येतं. श्रीनगरहून अंतर साधारण पन्नास किलोमीटर आहे. ताजा बर्फ पडला की गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्गपासून पुढे चाकांना साखळी लावलेलीच गाडी घ्यावी लागते. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, म्हणून घरातला एक तरी नंबर पोस्टपेड असू द्या.

सुती बनियन, सुती मोजे आणि जीन्स मात्र घरीच ठेवा. कापूस घाम आणि वितळलेला बर्फ धरून ठेवतो, लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो. आत लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं थर्मल, त्यावर फ्लीस (मऊ, उबदार कापडाचा थर) आणि सगळ्यात वर पाणी न शिरणारं जॅकेट-पँट घाला. जॅकेट-पँट तिथे भाड्याने मिळते. थर्मल, मोजे आणि हातमोजे आपलेच न्या.

भाड्याने सामान घेताना सर्वात जास्त वेळ बुटांना द्या, कारण पहिला दिवस फसतो तो बहुधा बुटांमुळेच. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की ती किंचित मागे यावीत आणि टाच उचलली जाऊ नये. मोजा एकच घाला. दोन घातले की रक्त अडतं आणि पाय उलट गार पडतात. थर्मलची कडही बुटात जाऊ देऊ नका, नडगीवर वळ उठतात. शिकाऊ माणसाची स्की, म्हणजे पायाखालची लांब पट्टी, उभी धरली तर साधारण हनुवटीपर्यंत पुरे.

बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीवर धरून ठेवणारी पकड, लावणाऱ्याला आपलं वजन खरं सांगा. ती जास्त घट्ट असली तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळतो. सैल असली तर वळतानाच निघून येते. बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ हातातल्या काठीने (पोलने) खरवडून काढा, आधी पंजा अडकवा, मग टाच दाबा.

पहिले दोन दिवस खालच्या सौम्य उतारावर इन्स्ट्रक्टरसोबतच काढा. स्कीची टोकं जवळ आणि मागची बाजू फाकलेली ठेवली की वेग कमी होतो. भीती वाटली की माणूस मागे रेलतो, आणि तिथेच ताबा सुटतो. नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबून ठेवा. पडायचंच झालं तर कुशीवर, चढाच्या बाजूला पडा. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या करून आपल्या खालच्या बाजूला आणा.

गंडोलाची, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या रोपवेची, तिकिटं आधीच ऑनलाइन काढा. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत जातो, दुसरा अफरवट शिखराच्या खांद्यावर, सुमारे 3,950 मीटरवर. जोराचा वारा सुटला की दुसरा टप्पा बंद ठेवतात. शिकाऊ लोकांनी तिथून स्कीवर उतरू नये. आखलेल्या वाटेबाहेर हिमकडा कोसळण्याचा धोका खरा आहे. पैसे मोजकेच असतील तर दुसरा टप्पा सोडा आणि इन्स्ट्रक्टरचा एक दिवस वाढवा.

बर्फावरून ऊन परतून वर येतं, म्हणून गॉगल हवाच आणि सनस्क्रीन हनुवटीखालीही लावा. नागपूर जेमतेम 300 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे वर गेल्यावर डोकं दुखलं किंवा मळमळलं तर बसून वाट पाहू नका, लगेच खाली उतरा. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी निघण्याआधीच डॉक्टरांना विचारावं.