भाडेकरार संपल्यावर तोंडी मुदतवाढीवर विसंबू नका

जळगाव, भुसावळ, धुळ्यात खोल्या बहुतेक अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणाऱ्या करारावर मिळतात. मुदत संपली की ‘राहा हो, कागद नंतर करू’ असं ठरतं आणि तिथेच भाडेकरू अडकतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार मुदतीनंतर ताबा सोडला नाही, तर करारातल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. पाच हजारांच्या खोलीचे महिन्याला दहा हजार! म्हणून महिनाभर आधीच नवा करार नोंदवायला लावा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाचीच असते. भाडं यूपीआयने, शेऱ्यात महिना लिहून भरा. वाद झालाच तरी दाराला परस्पर कुलूप ठोकणं बेकायदा आहे. खोली खाली करून घेण्यासाठी घरमालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करून आदेश आणावा लागतो.