रस्त्यावरून आणलेला कुत्रा दत्तक देण्याआधी: आधी घर शिकवा, 'बस' नंतर

दत्तक दिलेला कुत्रा परत येतो, तो 'शेकहँड' येत नाही म्हणून नव्हे. फरशीवर मुततो, एकटा ठेवला की दार ओरबाडतो, कूलर सुरू झाला की पलंगाखाली शिरतो, अशा तक्रारी असतात. शिकवणीचा क्रम म्हणूनच उलटा ठेवा.

सुरुवात डॉक्टरपासून. नागपुरातलं सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा घराजवळचा पशुवैद्य, कुठेही चालेल. गोचीड, जंत, कान, कातडी तपासून घ्या. वय तीन महिन्यांपुढे असेल तर रेबीजची लस द्या. कानाला खाच असेल तर नसबंदी आधीच झालेली असते. घरात दुसरी कुत्री असतील तर निदान दोन आठवडे वेगळं ठेवा. आणि एक फसगत टाळा: गोचीड-तापाने मलूल पडलेला कुत्रा 'किती शांत आहे' असा वाटतो. औषधाने बरा झाला की त्याचा खरा स्वभाव दिसतो. तोवर त्याच्या स्वभावाबद्दल कुणाला शब्द देऊ नका.

पहिले तीन दिवस काहीच शिकवू नका. एक कोपरा, एक गोणपाट, पाणी आणि ठरल्या वेळी दोनदा जेवण. तुम्ही बाजूला तोंड करून जमिनीवर बसा, अधूनमधून खाऊ टाका. जवळ यायचं की नाही, ते त्याला ठरवू द्या.

चौथ्या दिवसापासून मजुरी ठरवा. बिनमिठाचं, बिनकांद्याचं उकडलेलं चिकन हरभऱ्याच्या दाण्याएवढं कापून ठेवा. दिवसाला 50 ग्रॅम पुष्कळ झालं, तेवढं जेवणातून कमी करा. एकेक शिकवणी तीन मिनिटांची, दिवसातून चारदा. हवं ते केलं की लगेच 'हां!' म्हणा आणि दाणा द्या. दोन-तीन सेकंद उशीर झाला तर बक्षीस भलत्याच कृतीचं होतं.

पट्टा. गावठी कुत्र्याची मान डोक्याच्या मानाने जाड असते, घाबरला की मागे सरकून तो पट्ट्यातून सहज निसटतो. छातीचा हार्नेस आणि गळ्याचा पट्टा दोन्ही घाला, दोरी दोन्हींना अडकवा. पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढीच सैल जागा ठेवा. तो रस्त्यात बसकण मारेल, तेव्हा ओढू नका. ओढलं की तो आणखी मागे रेटतो. थांबा, बाजूला वळून हाक मारा.

शी-शूला दर दोन तासांनी न्या. झोपेतून उठल्यावर आणि जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांत तर नक्कीच. त्याला मातीची सवय असते, म्हणून फ्लॅटमध्ये सुरुवातीला मातीचा ट्रे ठेवा. घरात घाण झाली तर रागावू नका, त्याने तो तुमच्यापासून लपून करायला शिकतो. ती जागा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन पुसा. फिनाइलने वास आपल्याला झाकलेला वाटतो, कुत्र्याला नाही.

खरी मेहनत आहे ती आवाजांची. नागपुरात मार्च उजाडला की घरोघरी कूलर लागतात, आणि रस्त्यावरच्या कुत्र्याला घरात घोंघावणारा पत्र्याचा डबा म्हणजे भूतच. आधी बंद कूलरपासून चार-पाच मीटरवर जेवण द्या. मग नुसता पंखा, कमी वेगावर, एक मिनिट. मग पंप. रोज थोडं जवळ सरका. खाणं थांबवलं की तुम्ही घाई केली असं समजा आणि एक पायरी मागे जा. मिक्सर आणि कुकरची शिट्टी याच पद्धतीने. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते, महाल-इतवारीकडे तर ढोल थेट खिडकीशी येतात. ढोल-फटाक्यांचे आवाज मोबाइलवर अगदी बारीक लावून महिनाभर आधीच सवय करा.

जिना उतरायला तो जास्त घाबरतो. त्याला सगळ्यांत खालच्या पायरीवर ठेवा, एकच पायरी उतरू द्या, मग दोन.

एकटं राहणं सेकंदांत शिकवा: दाराबाहेर 30 सेकंद, मग दोन मिनिटं, मग पाच, मग पंधरा. रडणं सुरू होण्याआधी परत या.

ताटलीवर गुरगुरतो? हात घालून 'मालक कोण' ते दाखवू नका. जवळून जाताना ताटलीत चिकन टाका. गुरगुरणं कधी दाबू नका. ती सूचना बंद केली तर कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावतो.

एवढं झालं की 'बस', 'थांब', 'ये' आठवड्यात जमतात. एप्रिल-मेमध्ये फिरणं सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री आठनंतरच. तळहाताची मागची बाजू सात सेकंद डांबरावर टिकली नाही, तर पंजेही टिकणार नाहीत.

देताना शब्दांची चिठ्ठी द्या. तुमचं 'बस' त्या घरी 'सिट' झालं तर शिकवणी पाण्यात. न धुतलेलं गोणपाट, आठवड्याभराचं तेच खाणं आणि मोबाइल नंबर कोरलेला बिल्ला सोबत द्या. दिवाळीच्या आठवड्यात कुत्रा देऊच नये. निसटण्याची भीती पहिल्या पंधरवड्यात सर्वाधिक असते, म्हणून दार उघडण्याआधी दोरी कुणाच्या हातात आहे ते बघा.